पगार देणाराच पैसे मागतो तेव्हा

(मंडळाच्या पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही वकील नाही, कधी अमेरिकेला गेलेलो नाही आणि संगणकाचे जाणकारही नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि वीस वर्षांहून अधिक काळ बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. मग या विषयावर आम्ही का बोलावे, असा प्रश्न कुणाला पडला तर तो रास्त आहे. उत्तर एवढेच, की ज्या कन्सल्टन्सी कंपन्या ‘ट्रेनिंग देतो, नोकरी देतो, व्हिसाही करून देतो’ असे म्हणतात, त्यांच्याकडे जाणारा पैसा आमच्या खिडकीवरून जातो. मुदत ठेव मुदतीआधी मोडली जाते, घराचे कागद तारण म्हणून येतात, परदेशी रक्कम पाठवण्याचा फॉर्म भरला जातो, नवे चेकबुक मागितले जाते. मुलगा जावा शिकला की आणखी काही, हे आम्हाला कळत नाही. पैसा कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या नावाने गेला, हे मात्र कळते. आज तेवढेच सांगायचे आहे.

हैदराबादकरांना हा विषय नवा नाही. अमीरपेटला मैत्रीवनमच्या चौकात उभे राहून मान वर केली की चार मजले पाट्याच पाट्या दिसतात. चिलकूरच्या बालाजीला तर लोक ‘व्हिसा बालाजी’च म्हणतात. अकरा प्रदक्षिणा घालून मागणे मागायचे आणि काम झाले की एकशे आठ घालायच्या. इथल्या किती जणांनी घातल्या आहेत, ते विचारून आम्ही कुणाला अडचणीत आणत नाही.

आपल्या घरांचे त्यात वेगळे असे एक कारण आहे. आपली घरे निजामाच्या काळापासून नोकरीवर चालली. महसूल, न्यायखाते, शाळा, पुढे रेल्वे आणि बँका. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा, शालीबंडा इथली आपली घरे इथेच राहिली. मतांच्या हिशेबात आपल्याला कुणी फारसे धरत नाही. शिफारशीच्या नोकऱ्या आपल्या मुलांच्या वाट्याला क्वचितच आल्या. शेतीवाडी मागेच सुटली. उरले शिक्षण. ते शिक्षण अमेरिकेत चांगले वटते असे नव्वदीनंतर दिसू लागले आणि मुले निघाली. यात गैर काहीच नाही. आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये स्थिरावलेली आपली अनेक कुटुंबे आधी अशाच एखाद्या लहान कन्सल्टन्सीच्या आधाराने तिकडे उतरली होती. तेव्हा सगळ्या कन्सल्टन्सी चोर आहेत असे म्हणायला आम्ही उभे राहिलेलो नाही.

‘वाय-टू-के’चे दिवस आठवा. एच-१बी हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला, वर्षाला ६५,००० ही मर्यादा. मागणी इतकी वाढली की ती मर्यादा आधी १,१५,००० आणि मग २००१ ते २००३ या तीन आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० केली गेली. नेमक्या त्याच काळात तिकडे मंदी आली. माणसे पोहोचली, कामे नव्हती. ‘बेंच’ हा शब्द आपल्या घरांत तेव्हाच शिरला. एका अपार्टमेंटमध्ये सहा-सात मुले, डाळ-भात करून खायचा आणि फोनची वाट पाहायची. २००४ पासून मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा देण्यात आल्या. मागणी मात्र वाढतच राहिली. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त झाले की बाजारात काय होते, ते इथल्या प्रत्येक किराणा दुकानदाराला ठाऊक आहे.

आता या धंद्याची रीत समजून घेऊ. मोठी बँक किंवा विमा कंपनी सॉफ्टवेअरच्या कामासाठी तासाला अमुक डॉलर देते. ते काम एका व्हेंडरकडे जाते, त्याच्याकडून दुसऱ्याकडे आणि शेवटी आपल्या मुलाच्या कन्सल्टन्सीकडे. प्रत्येक जण आपला हिस्सा कापून घेतो, उरलेले मुलाच्या हातात पडते. आडत बाजारात जसा आडत्या, तसाच हा प्रकार. एवढ्याने काही बेकायदा होत नाही. अडचण दुसरीकडे आहे. आडत्याशी भांडण झाले तर शेतकरी पुढच्या दुकानात जातो. इथे मुलाचा त्या देशात राहण्याचा हक्कच आडत्याच्या कागदावर असतो. कागद मालकाच्या नावाने, त्यामुळे मालक म्हणेल ते निमूट ऐकायचे, अशी मुलाची समजूत होते आणि ती समजूत पक्की करण्यातच अशा कंपन्यांचा नफा असतो.

कायदा काय म्हणतो? आम्ही हे मुद्दाम वाचून काढले, कारण आपल्याकडे कुणालाच ते माहीत नसते. एच-१बी वर माणूस घेणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या कामगार खात्याकडे आधी एक अर्ज करावा लागतो. कोणते काम, कोणत्या गावी, किती पगार, हे त्यात लिहून द्यावे लागते. त्या अर्जाची प्रत कामावर रुजू होईपर्यंत कामगाराच्या हातात पडली पाहिजे. तो देशात आल्यापासून तीस दिवसांच्या आत पगार सुरू झाला पाहिजे. आधीच तिथे असेल आणि व्हिसाचा प्रकार बदलला असेल, तर साठ दिवसांच्या आत. कंपनीकडे काम नाही म्हणून तो बसून असेल तरी पगार चालूच राहतो. बिनपगारी बेंच बेकायदा आहे, आणि ते १९९८ च्या दुरुस्तीने स्पष्ट करून ठेवले आहे. अर्जाबरोबर जी ट्रेनिंग फी सरकार घेते, लहान कंपनीला ७५० डॉलर आणि मोठीला १,५००, ती कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करता येत नाही. वकिलाचा आणि अर्जाचा खर्च हा कंपनीच्या धंद्याचा खर्च आहे. मुदतीआधी काढून टाकले तर घरी परतण्याच्या प्रवासाचा वाजवी खर्चही कंपनीनेच द्यायचा.

हे ऐकल्यावर आपल्या ओळखीतली उदाहरणे आठवून पाहा. कुणाकडून ‘एच-१ प्रोसेसिंग’चे पाच हजार डॉलर घेतले, कुणाला चार महिने पगार नाही, कुणाला ‘प्रोजेक्ट मिळेपर्यंत घरूनच शिक’ असे सांगितले. हे सगळे त्या मुलाने नशिबाचा भाग म्हणून सोसले. आपण त्याला इकडून काय सांगितले? ‘थोडे सहन कर, ग्रीन कार्ड होऊ दे.’

आता आमच्या धंद्यातला भाग. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला यातली एक रीत ऐकून घाम फुटेल. मुलगा बेंचवर आहे, पण व्हिसा टिकवायचा तर पगाराची पावती दिसली पाहिजे. मग कंपनी त्याला सांगते, ‘तू दर महिन्याला इतके डॉलर आणून दे, आम्ही तेच तुला पगार म्हणून देतो.’ मुलगा मित्रांकडून किंवा घरून पैसे मागवतो आणि कंपनीच्या हातात ठेवतो. कंपनी त्यातून त्याचा कर कापते, मालकाने भरायचा करही त्यातूनच भरते, आपले कमिशन घेते आणि उरलेले ‘पगार’ म्हणून त्याच्या खात्यात टाकते. म्हणजे स्वतःच्याच पैशातून स्वतःचा पगार, त्यावर दोन्ही बाजूंचा कर आणि वर आडत. हजार दिले की सातशे परत येतात, असा हा पगार! आणि ते पैसे कुठून येतात? काचीगुड्याहून. निवृत्त वडिलांच्या ठेवीतून.

असे पैसे पाठवायला लोक आमच्याकडे येतात, तेव्हा परदेशी रकमेच्या फॉर्मवर कारण लिहावे लागते. एक जण सांगतो, ‘मुलाचे शिक्षण’ लिहा. शिक्षण दोन वर्षांपूर्वी संपलेले असते. दुसरा म्हणतो, ‘कुटुंबाचा निर्वाह’. आणि पैसे घेणाऱ्याचे नाव मात्र कुटुंबातले नसते. त्या फॉर्मवर सही पाठवणाऱ्याची असते, कारण खरे असल्याची हमीही त्याचीच. परदेशी चलनाच्या कायद्याखाली उत्तर द्यायची वेळ आली तर ती कन्सल्टन्सीवर येत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे रक्कम इथेच, मालकाच्या मेव्हण्याच्या किंवा भावाच्या खात्यात, ‘हातउसने’ म्हणून टाकायला लावणे. का? कारण फी म्हणून घेणे गुन्हा आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. शंभर रुपयांच्या चपलेची पावती मागणारे आपण लोक, दहा-बारा लाखांची पावती का मिळत नाही हे विचारत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘हो जाता साब, आप टेन्शन नक्को लो.’

म्हणून आम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की पैसा कोणत्या दिशेने वाहतो आहे? नोकरी असेल तर पैसा मालकाकडून नोकराकडे येतो. तो उलटा वाहत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, तिथे विक्री चालली आहे.

विद्यार्थ्यांचा प्रकार आणखी नाजूक आहे. तिकडे मास्टर्स झाल्यावर बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते. तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर पुढे आणखी चोवीस महिने. पण पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. इकडे बँकेचे शैक्षणिक कर्ज कसे असते पाहा. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्याच्या वर बहुधा घर ठेवावे लागते आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. चाळीस लाखांवर दहा टक्के धरा, वर्षाला चार लाख. म्हणजे तिकडचे बारा महिने आणि इकडचे बारा महिने एकाच दिवशी सुरू होतात. मुलाला तिकडे नव्वद दिवस दिसतात आणि इकडे वडिलांची दारे-खिडक्या दिसतात. या कोंडीत सापडलेल्या मुलाला एखादा माणूस फोन करतो, ‘ऑफर लेटर आजच देतो, बेकारीचे दिवस थांबतील. ट्रेनिंगचे एवढे भर.’

हे ऑफर लेटर कसले असते? काम नाही, पगार नाही, नुसता कागद. चोवीस महिन्यांच्या वाढीव मुदतीत तर पगार हवाच. शिवाय मालक आणि विद्यार्थी दोघांच्या सह्यांचा प्रशिक्षणाचा आराखडा विद्यापीठाकडे द्यावा लागतो. तिथे खोटे लिहून दिले की ते खोटे विद्यार्थ्याच्याही सहीचे असते. मग ‘ट्रेनिंग’ सुरू होते, ते सॉफ्टवेअरचे थोडे आणि बायोडाटाचे जास्त. कालच पास झालेल्या मुलीच्या नावावर सात वर्षांचा अनुभव चढतो. ज्या बँकेत ती कधी गेली नाही, तिथले प्रोजेक्ट तिने केलेले असते. मुलाखतीला पडद्याआडून दुसराच कुणी उत्तरे देतो. मुले म्हणतात, काका, सगळेच करतात. करत असतील. पण अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितली तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. ती बंदी मुलीच्या नावावर येते. कन्सल्टन्सीचा मालक त्याच दिवशी दुसऱ्या नावाची कंपनी काढू शकतो.

ही भीती घालण्याची गोष्ट नाही, खटल्यांमध्ये नोंद झालेली आहे. टेक्सासमधील डिबॉन सोल्यूशन्स या कंपनीने आपल्याच कार्यालयात पूर्ण वेळची नोकरी आहे असे सांगून माणसे आणली, प्रत्यक्षात ती इतरांकडे कामाला लावली आणि काम असेल तेव्हाच पगार दिला. मालक बंधूंना २०१५ मध्ये ज्युरीने दोषी ठरवले आणि पुढे प्रत्येकी सात वर्षांहून अधिक शिक्षा झाली. कॅलिफोर्नियातील नॅनोसेमँटिक्सच्या प्रकरणात नसलेल्या नोकऱ्या दाखवून अर्ज केल्याची कबुली २०२४ मध्ये कोर्टात देण्यात आली. विद्यापीठांच्या नावानेही हेच चालते. ट्राय-व्हॅली विद्यापीठ २०११ मध्ये बंद पडले तेव्हा इथल्या मुलांच्या पायात निगराणीची यंत्रे बांधलेली आपण टीव्हीवर पाहिली. २०१९ मध्ये मिशिगनचे फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारनेच सापळा म्हणून उभे केलेले निघाले. १२९ भारतीय विद्यार्थी एकदम ताब्यात घेतले गेले आणि भरती करणारे आठ जण आरोपी झाले. हे भरती करणारे काही परके नव्हते. आपल्याच बाजूची, मुलांना ‘अण्णा’ म्हणणारी माणसे होती. सापळा लावणाऱ्या सरकारबद्दल आम्हाला जे वाटते ते वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

सोडतीतही तीच तऱ्हा. २०२० पासून एच-१बी ची नोंदणी ऑनलाइन झाली आणि तेव्हा फी फक्त दहा डॉलर होती. मग एकाच मुलाच्या नावाने चार-पाच कंपन्या चिठ्ठ्या टाकू लागल्या. आर्थिक वर्ष २०२४ च्या सोडतीसाठी ७,८०,८८४ नोंदण्या आल्या. त्यांतल्या पात्र नोंदण्यांपैकी ४,०८,८९१ या एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या असलेल्या माणसांच्या होत्या. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठी कंपनीची न धरता माणसाची धरू लागले, तेव्हा पात्र नोंदण्या ४,७०,३४२ वर आल्या आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३,४३,९८१ वर. मधला जो फरक आहे, त्यात प्रामाणिक मुलांची हुकलेली संधी किती असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. ज्या मुलांना ‘आमच्या तीन कंपन्यांतून टाकतो’ असे सांगून पैसे घेतले, त्यांचा व्हिसा नंतर रद्द होण्याची टांगती तलवार वेगळीच.

आता इथला, हैदराबादचा करारनामा. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर बाँड. दोन वर्षे सोडून गेलात तर दहा किंवा पंधरा लाख. सोबत सही केलेले दोन कोरे चेक, मूळ पदवी प्रमाणपत्र आणि कधीकधी पासपोर्टही. यातल्या एकेका वस्तूचे बोलू.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, १९६७ च्या कायद्यातच तसे लिहिले आहे. तो ठेवून घेण्याचा खाजगी कंपनीला अधिकार नाही. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत द्यावी, मूळ कधीच नाही. कोऱ्या चेकबद्दल मात्र आम्ही हात जोडून सांगतो. लोकांना वाटते, रक्कम आम्ही लिहिली नाही, म्हणजे आम्ही सुटलो. तसे नाही. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक हा देणे फेडण्यासाठीच दिला असे कायदा धरून चालतो आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्यावर पडते. चेक परत गेला आणि कलम १३८ लागले, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. मुलगा अमेरिकेत, चेक वडिलांचा, समन्स वडिलांच्या नावाने. कोर्टाच्या पायऱ्या चढताना गुडघे दुखतात, त्याहून जास्त दुखते ते ओळखीचा माणूस समोरून येताना.

बाँडबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक, बाँड म्हणजे कायद्यात शून्य. दुसरे, सही केली म्हणजे संपले. दोन्ही खरी नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. आम्हा बँकवाल्यांत त्याची बरीच चर्चा झाली. पण तिथे खरी नोकरी होती, खरा पगार होता आणि भरतीचा खरा खर्च झाला होता. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा कितीही मोठा लिहिला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते. तीन महिन्यांच्या अमीरपेटी क्लासचे पंधरा लाख वाजवी आहेत हे त्या मालकाला सिद्ध करू द्या. अमेरिकेतही नियम याच्या जवळचाच आहे. एच-१बी कामगाराने लवकर सोडले म्हणून दंड वसूल करता येत नाही, खऱ्या नुकसानीची आधी ठरवलेली वाजवी भरपाई तेवढी मागता येते. तेव्हा धमकीची नोटीस आली की घाबरून पैसे भरू नका आणि ती फाडून फेकूही नका. वकिलाला दाखवा.

आणि मुलाला सांगा की कागद जपून ठेव. पगाराच्या पावत्या, त्या अर्जाची प्रत, ईमेल, पैसे दिल्याची नोंद. बिनपगारी बेंचची तक्रार अमेरिकेच्या कामगार खात्याकडे बारा महिन्यांच्या आत करता येते. तक्रार केली म्हणून सूड घेणे बेकायदा आहे. दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला की त्या दिवसापासून तिथे कामाला लागता येते, ही सोय २००० सालापासून आहे. काम सुटले तरी २०१७ पासून साठ दिवसांपर्यंतची सवलत आहे. मालकाच्या हातात वाटते तितके सगळे नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरण्याचा आदेश काढला. त्यामुळे आता हा धंदा आटोपला असे काही जण म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. अमेरिकेचे दार अरुंद झाले की हीच माणसे दुसऱ्या देशाची पाटी लावतात. मध्यंतरी ब्रिटनच्या ‘केअर वर्कर’ची लाट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते दार उघडले आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून होणाऱ्या नव्या भरतीला बंद झाले. मधल्या काळात शेकडो केअर कंपन्यांचे स्पॉन्सरशिपचे परवाने गेले आणि दागिने मोडून गेलेल्या बायकांना साठ दिवसांत नवा मालक शोधा असे पत्र आले. त्याहून भयंकर प्रकार थायलंडच्या नावाने चालला. ‘डिजिटल मार्केटिंगची नोकरी, ट्रेनिंग फुकट’ असे सांगून नेलेली मुले म्यानमारच्या सीमेवरच्या कोंडवाड्यांत सापडली. तिथे त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन गंडवण्याचे काम करून घेत. परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२२ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणले.

आता आपल्या सरकारकडे वळू. परदेशात नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते. नोंदलेल्या एजंटाने उमेदवाराकडून घ्यायची रक्कम तीस हजार रुपये आणि वर कर, एवढीच. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय याच शहरात आहे. राज्य सरकारची टॉमकॉम ही कंपनीही परदेशी भरतीचे काम करते. मग अमीरपेटचा माणूस पंधरा लाख घेऊन मोकळा कसा राहतो? कारण तो म्हणतो, आम्ही भरती करत नाही, आम्ही ट्रेनिंग देतो. ज्या शब्दावर मुले भुलतात, त्याच शब्दाआड तो कायद्यापासून लपतो. पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून व्हिसा सल्लागार आणि आयएलटीएसच्या क्लासवाल्यांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. तेलंगणातही तसाच परवाना लावावा, ही आपली पहिली मागणी. केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. परदेशातील नोकरीचे आमिष दाखवून ट्रेनिंग, कागदपत्रे किंवा स्पॉन्सरशिप अशा कोणत्याही नावाने पैसे घेणारा तो भरती एजंटच समजावा, ही दुसरी. बँकांनीही शैक्षणिक कर्ज देताना पालकांना या गोष्टी लेखी सांगाव्यात, ही तिसरी. ती आम्ही आमच्या संघटनेतही मांडणार आहोत, साहेब लोक काय म्हणतील ते म्हणोत.

एक गोष्ट आपल्या घरातली. गेल्या वर्षी एका घरी साखरपुड्याच्या बोलण्यात मुलगा ‘डॅलसला मोठ्या बँकेत’ असल्याचे सांगितले गेले. तो पाच महिने बेंचवर आहे हे त्याच्या आईला माहीत नव्हते, वडिलांना होते. वडिलांनी ठेव मोडली ती आमच्याच समोर आणि आम्ही कारण विचारले तर म्हणाले, घराला रंग द्यायचा आहे. घर आम्ही रोज पाहतो. रंग अजून दिलेला नाही. असे मुलगे आपल्या मंडळात एक-दोन नाहीत, आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत, कारण कुणाच्याच घरी हे बोलले जात नाही. तीन घरांनी जरी आपापल्या मुलाच्या कंपनीचे नाव एकमेकांना सांगितले असते, तरी चौथ्याचे पैसे वाचले असते. तेलुगू मंडळींच्या अमेरिकेतल्या संघटना अशा वेळी वकील गाठून देतात. आपल्या मुलांनाही तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, पण अडचण झाकून ठेवली तर तेही काय करणार?

निवेदनाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. तो तेलुगू आणि इंग्रजीत आहे, मराठी प्रत वाचण्यासाठी शेजारीच आहे. सही करताना पत्त्याबरोबर मतदारसंघाचे नाव अवश्य लिहावे, आमदार आधी तेच पाहतात. ज्यांच्याकडे करारनामे आहेत त्यांनी झेरॉक्स आणावी, मूळ नको. मंडळाचे वकील दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा इथेच बसतील. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.